मिसिंग पॅक्स : दत्ताराम मेस्त्री

"मॅडम, मेस्त्री सापडत नाहीयेत," यासिर व्हिएन्नाहून फोनवर इंग्लिशमध्ये म्हणाला.

गुरुवार होता. मस्कतमध्ये दुपारचे चार, व्हिएन्नात दोन. शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीआधीची आवराआवर आमच्या मत्रहच्या ऑफिसात चालू होती.

"सापडत नाहीत म्हणजे? कधीपासून?"

"साडेबारापासून. चर्च बघून झालं की दाराशी भेटायचं ठरलं होतं. बाबा आले, मी आलो. मेस्त्री आलेच नाहीत."

"आणि मला आत्ता सांगताय?"

"वाटलं, येतील. त्यांना लाकूड दिसलं की वेळेचं भान राहत नाही."

मी समोरच्या कागदावर नजर टाकली. त्यांची परतीची फ्लाइट त्याच संध्याकाळी साडेसहाला होती. तिथल्या चारला हॉटेल सोडायचं. म्हणजे हातात दोन तास.

मी या ट्रॅव्हल एजन्सीत आउटबाउंड डेस्क सांभाळते. आउटबाउंड म्हणजे ओमानमधून बाहेर फिरायला जाणारे लोक. त्यांचं तिकीट, व्हिसा, हॉटेल, तिथला गाइड हे सगळं माझ्याकडे. आमच्या धंद्यात प्रवाशाला प्रवासी कोणी म्हणत नाही, 'पॅक्स' म्हणतात. एक असो की चाळीस, पॅक्सच. आणि पॅक्स परदेशात जाऊन मुद्दाम गायब झाला, तर 'जम्प झाला' म्हणतात. असा एक माणूस जम्प झाला की त्या एजन्सीच्या पुढच्या फायलींकडे एम्बसी संशयानं बघायला लागते.

दत्ताराम मेस्त्रींची फाइल मी हट्टानं केली होती.

यासिरचे वडील सालेम यांचा ओमानमधल्याच इब्रा गावी दरवाजांचा कारखाना आहे. जुन्या पद्धतीचे, नक्षी कोरलेले दरवाजे. मेस्त्री तिथे बावीस वर्षं हेड कारपेंटर. मूळचे कुडाळजवळच्या गावातले. सालेमना तिथे सगळे अर्बाब, म्हणजे मालक, म्हणतात. अर्बाबना एका मोठ्या घराच्या मजलिसचं काम मिळालं होतं. मजलिस म्हणजे पाहुण्यांची बैठक. घरमालकाला दरवाजे आणि छत युरोपातल्या राजवाड्यांसारखं हवं होतं. अर्बाब माझ्यासमोर येऊन बसले आणि त्यांच्या हिंदीत म्हणाले, "फोटो से इसका काम नहीं होता. ये आदमी हाथ से देखता है. इसको साथ ले जाना है."

अर्बाब आणि यासिर यांच्या व्हिसाचा प्रश्न नव्हता. मेस्त्रींचा होता. सुताराचा पगार, बँकेत बेताची शिल्लक, बायको-मुलं गावाला. कागदावर हा माणूस 'रिस्क'. आमचे मालक किशोरभाई यांच्या चार पिढ्या मत्रहमध्ये गेल्यात. त्यांनी फाइल चाळली आणि माझ्याकडे सरकवली.

"अनघा, बाप-बेटे का करो. कारपेंटर का छोड़ दो. कल वापस नहीं आया तो?"

"येतील, किशोरभाई. मी बोललेय त्यांच्याशी."

"बोलने से क्या होता है?"

तरी मी कव्हरिंग लेटर लिहिलं. कामाचं कारण, बावीस वर्षांची नोकरी, अर्बाबचं पत्र, आणि शेवटी एक वाक्य : हे गृहस्थ ठरल्या तारखेला परत येतील याची आमच्या एजन्सीला खात्री आहे. खाली सही माझी. व्हिसा मिळाला, पण दिवस मोजून दिलेले.

पहिले चार दिवस छान गेले. यासिर फोटो पाठवायचा. एका राजवाड्यात मेस्त्रींनी भिंतीच्या लाकडी पॅनेलला हात लावला म्हणून तिथली गार्ड त्यांना रागावली. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत मेस्त्री दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. मी ते फोटो बघून हसले होते.

आता हसू येत नव्हतं. ओमानमधून व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही, म्हणून मी साधा फोन लावला. मेस्त्रींचा नंबर बंद. त्यांना रोमिंग नको होतं. हॉटेलच्या वायफायवर भागवत होते. मी यासिरला पुन्हा फोन केला.

"पासपोर्ट कोणाकडे आहे?"

"त्यांच्याकडेच. तुम्हीच सांगितलं होतं, ज्याचा त्यानं जवळ ठेवायचा."

सांगितलं होतं खरं.

"आणि बॅग?"

"हॉटेलच्या लॉबीत. आमच्याबरोबरच ठेवलीय." मग तो म्हणाला, "मॅडम, एक गोष्ट आहे. काल राजवाड्याच्या बागेत दोन इंडियन माणसं भेटली होती. तिथेच काम करणारी. मेस्त्री त्यांच्याशी बराच वेळ बोलत होते. नंबरपण घेतला."

जम्पच्या गोष्टी आम्ही खूप ऐकलेल्या असतात. त्या अशाच असतात. बॅग मागे ठेवलेली, पासपोर्ट खिशात, आणि आदल्या दिवशी कोणीतरी गाववाला भेटलेला.

मी किशोरभाईंच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मला ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"मेल डालो," ते म्हणाले.

"कुणाला?"

"एम्बसी को. पॅक्स मिसिंग, हमने खुद इन्फॉर्म किया. पहले हम बोलेंगे तो हम सेफ."

"आणि ते नुसते चुकले असतील तर?"

"तो मिल जाएँगे."

"किशोरभाई, एकदा ती मेल गेली की त्यांच्या नावावर ते कायमचं लागणार. पुन्हा व्हिसा नाही. इथे अर्बाबलाही उत्तरं द्यावी लागतील. एक तास द्या मला."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पाँच बीस तक. उसके बाद ऑफिस का सोचना पड़ेगा. यहाँ सोलह लोग काम करते हैं, अनघा."

हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी जागेवर येऊन मेल टाइप करून ठेवली. नाव, पासपोर्ट नंबर, शेवटचं कुठे दिसले. फक्त सेंड दाबायचं बाकी. आणि खरं सांगायचं तर टाइप करता करता मलाही वाटायला लागलं की गेले हे. बावीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात काढलेला माणूस. युरोपात दुप्पट पैसे मिळतात असं कोणी सांगितलं असेल. कोण थांबेल? त्यांचा रागही आला. मग स्वतःचा आला. सगळ्यात जास्त भीती त्या सहीची वाटत होती.

तिथली गाइड हाना चर्चमध्ये दोन फेऱ्या मारून आली होती. अर्बाब ठरलेल्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. यासिर आसपासच्या गल्ल्या बघून आला. जवळच्या पोलीस चौकीत विचारलं. अपघात नाही, ॲम्ब्युलन्स नाही, काही नाही.

मस्कतच्या घड्याळात पाचला पाच कमी असताना मी मेस्त्रींच्या घरी, गावी फोन लावला. त्यांच्या बायकोनं उचलला. काय बोलायचं ते मी ठरवलंच नव्हतं.

"वहिनी, मी मस्कतहून अनघा बोलतेय, ट्रॅव्हल ऑफिसमधून. मेस्त्रींचा आज फोन आला होता का?"

"नाय. काल रातीक इलेलो. कित्या? काय झाला?"

"काही नाही. संध्याकाळचं विमान आहे ना, जरा चुकामूक झालीय. त्यांना शोधतायत."

खोटं बोलले नाही, पण खरंही पूर्ण सांगितलं नाही. वहिनी म्हणाल्या, "थंयच आसतले ते. ह्यांका एकदा हय ऱ्हवा म्हणान सांगितला ना, की संपला. सांज झाली तरी हलाचे नाय."

"म्हणजे?"

"पयल्या खेपेक ओमानाक गेले तेव्हा मुंबयक इमानतळार गेट बदलल्यानी. सगळी माणसा उठान गेली. हे आपले पयल्या गेटार बसान ऱ्हवले. इमान गेला! मगे माका म्हणतत, माका हयच बसाक सांगितल्यानी होता."

मी फोन ठेवला. मेस्त्री कसे आहेत याचा मी तासभर विचार करत होते. त्यांना कोणी काय सांगितलंय हे मी विचारलंच नव्हतं.

मी फाइल उघडली. निघताना प्रत्येक पॅक्सला आम्ही एक सूचनांचा कागद देतो. हॉटेलचा पत्ता, गाइडचा नंबर, काय करायचं, काय नाही. अर्बाबना इंग्लिशमधला दिला होता. मेस्त्रींसाठी मी मुद्दाम मराठीत केला होता. सातवी सूचना अशी होती : 'राजवाड्यात किंवा चर्चमध्ये चुकामूक झाली, तर मोठ्या दरवाजाशी थांबा. कोणी घ्यायला येईपर्यंत जागा सोडू नका.'

मी यासिरला फोन लावला. "तुम्ही कुठल्या दाराशी आहात?"

"मेन. जिथून आत गेलो तेच."

"ते मोठं आहे?"

"मोठं म्हणजे... दारासारखं दार आहे."

"हानाला फोन द्या."

हाना आली. मी विचारलं, "या चर्चला दारं किती?"

"चार. पण पर्यटकांसाठी हेच, दक्षिणेचं."

"सगळ्यात मोठं कुठलं?"

"पश्चिमेचं. पण ते बंद असतं. फक्त मोठ्या सणांना उघडतात. आणि सध्या त्या बाजूला दुरुस्तीचं काम चालू आहे, फळ्यांचं कुंपण आहे. तिकडे कोणी जात नाही."

"केवढं आहे ते?"

"याच्या तिप्पट. ओकचं आहे, खूप जुनं."

"तिकडे जा. फोन चालू ठेवा."

चर्च मोठं होतं. वळसा घालायला त्यांना पाच-सहा मिनिटं लागली. मला फोनमध्ये त्यांची पावलं, कुठल्या तरी घोडागाडीचा आवाज आणि यासिरचं धापा टाकणं ऐकू येत होतं. केबिनच्या काचेतून किशोरभाई माझ्याकडे बघत होते.

"इथे कोणी नाही, मॅडम," यासिर म्हणाला. "नुसतं कुंपण आहे."

"कुंपणाच्या आत?"

"आत कसे जातील? बोर्ड लावलाय, प्रवेश बंद."

"बोर्ड कुठल्या भाषेत?"

यासिर जोरात ओरडला, "मेस्त्री! ओ मेस्त्री!"

आणि लांबून, फळ्यांच्या पलीकडून आवाज आला, "हय आसय!"

मी डोकं टेबलावर टेकवलं. शेजारच्या डेस्कवरच्या मुलीनं मला पाण्याचा ग्लास दिला.

दोन फळ्यांमध्ये फट होती. मेस्त्री त्यातून आत गेले होते आणि साडेबारापासून त्या बंद दाराच्या कमानीखाली उभे होते. बाहेरून ते दिसत नव्हते, आणि त्यांना बाहेरचं. तीन तास होत आले होते. जेवले नव्हते, पाणी प्यायले नव्हते, दुसरीकडे कुठे गेले नव्हते. यासिरनं फोन त्यांच्या हातात दिला.

"मेस्त्री, अहो, तुम्ही तिथे काय करताय?"

"मॅडम, तुमीच लिवलास ना, मोठ्या दरवाजाकडे थांबा. आमी आत शिरलो तो बारको. मोठो हो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अर्बाब रागावले काय?"

"नाही. चला, पळा आता. विमान गाठायचंय."

अर्बाबनी फोन घेतला. "यल्ला, एअरपोर्ट जाते हैं," एवढंच बोलले आणि बंद केला.

विमान मिळालं. मिळेपर्यंत मी ऑफिस सोडलं नाही. 'बोर्डेड' असा यासिरचा मेसेज आल्यावर ड्राफ्टमधली मेल डिलीट केली. किशोरभाई जाताना माझ्या टेबलापाशी थांबले.

"कहाँ था?"

"मी सांगितलं होतं तिथेच."

त्यांनी मान हलवली आणि दिवे बंद करायला सांगून गेले.

पुढच्या आठवड्यात मेस्त्री इब्राहून आले. असा व्हिसा दिला की काही एम्बस्या परत आल्याचा शिक्का समक्ष दाखवायला बोलावतात. त्याआधी ते आमच्या ऑफिसात आले, पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. मी चहा मागवला. आणि ठरवलं नव्हतं तरी बोलून गेले.

"मेस्त्री, त्या दिवशी मला वाटलं, तुम्ही पळून गेलात."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते विचारात पडले.

"ते बागेत भेटले ते पंजाबी पण तसाच म्हणत होते. ऱ्हवा हय, काम आसा म्हणान."

"मग?"

"थंयचा लाकूड सगळा ओक, मॅडम. माझो हात सागाचो. ह्या वयात नवीन लाकूड खय शिकतलय?" चहा बशीत ओतत ते पुढे म्हणाले, "आणि अर्बाबाचा काम अर्धा आसा."

मग त्यांनी खिशातून माझाच सूचनांचा कागद काढला. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं ते दार काढलेलं होतं. जोड कुठे आहेत, खिळे कुठे, पट्ट्या कशा बसवल्यात, सगळं मापांसकट. माप हाताच्या विती लावून घेतलेलं. तिथे त्यांना हात लावू नका म्हणून सांगायला कोणी नव्हतं.

मजलिसचं दार त्यावरूनच झालं. मी अजून बघायला गेले नाही. यासिरनं फोटो पाठवला होता.

आमच्या सूचनांच्या कागदात मी बदल केला. सातव्या सूचनेत आता 'मोठा', 'मेन', 'मुख्य' असा एकही शब्द नाही. ज्या दाराशी भेटायचं त्याचा फोटो असतो आणि अर्धा तास कोणी आलं नाही तर काय करायचं तेही असतं. नव्या मुलांना मी एवढंच शिकवते : पॅक्स सापडत नसेल, तर आधी तो माणूस कसा आहे याचा विचार करत बसू नका. आपण त्याला काय लिहून दिलंय, ते वाचा.