मशीनवाल्या मावशी आणि दिराचं कुलूप

माझ्यासारख्याने कोणाबद्दल लिहावं, हा आगाऊपणाच आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही अजून कायद्याच्या दुसऱ्या वर्षात. शिवाय आमचं इंदुरी मराठी अर्धं हिंदीकडे वळतं. चुकेल तिथे माफ करा. पण मशीनवाल्या मावशींबद्दल गप्प राहवत नाही.

मावशींना हळू बोलता यायचंच नाही. शिलाई मशिनींच्या खडखडाटावर बोलायची सवय. मल्हारगंजात आमच्या शेजारीच, गल्लीकडे उघडणाऱ्या खोलीत त्या मुलींना शिवण शिकवायच्या. "कापड ओढू नको ग, ते काय नवऱ्याचा कान आहे?" हे आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. लहानमोठे सगळे त्यांचे भिया, म्हणजे भाऊ. पुढे कोर्टात त्या न्यायाधीशांनाही "जजभिया" म्हणाल्या. वकील घाबरला, मावशी नाही.

मावशींचे यजमान, आमचे काका, वारले आणि तेरावं झाल्यावर धाकट्या दिराने त्या खोलीला स्वतःचं कुलूप लावलं. मशिनी आत, मावशी बाहेर. पोलीस ठाण्यात गेल्या तर उत्तर मिळालं, "अम्माजी, ये घर का मामला है, कोर्ट जाओ." कोर्टात जायला निघाल्या तर दीरच हात जोडून उभा. "वहिनी, दादाचं वर्षश्राद्ध तर होऊ द्या. दुखवट्याच्या वर्षात घरातलं कोर्टात नेतात काय?" मावशींना पटलं. वर्षश्राद्धाला त्या दिरालाही त्यांनी आग्रहाने वाढलं.

त्या एका वर्षात त्यांचा दावाच बदलून गेला. हे मला वर्गात कळलं आणि बसल्या जागी कान तापले. सहा महिन्यांच्या आत गेल्या असत्या, तर कोर्टाने एवढंच विचारलं असतं: ताबा कोणाचा होता आणि कोणी काढून घेतला? उत्तर अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मुदत गेल्यावर प्रश्न झाला: मालक कोण? म्हणजे सासऱ्यांच्या काळातले साक्षीदार आणा. ते तर स्मशानात. आणि मुदत गेली हे पहिल्याच पेशीला, म्हणजे सुनावणीला, मोठ्याने सांगणारा वकील दिराचाच! आमचे सर म्हणाले, उशिरा येणाऱ्याने कोर्टाला दोष देऊ नये. मावशी उशिरा आल्या नव्हत्या, सर. त्या नवऱ्याचं वर्ष पाळत होत्या.

पेशीला मी सोबत जायचो. दिराचा वकील तारीख मागायचा, त्याला मिळायची. मावशी म्हणायच्या, "कुलूप त्याचं, मशीन माझी. यात एवढं वाचायचं काय आहे रे?" मी कलम सांगू लागलो की हात उडवायच्या. "तू मत समझा भिया. ज्याला समजायला पाहिजे, तो तर खाली मान घालून लिहितोय." मी पुस्तक मिटायचो. मला त्या पुस्तकाचाच राग यायचा.

परवा परीक्षेसाठी भंवरकुआंला मित्राच्या खोलीवर होतो, तेव्हा आईचा फोन आला. मावशींनी लोकअदालतीत समझोत्यावर सही केली. खोली दिराची, मशिनी त्यांच्या. सगळ्या गंजून जाम झालेल्या. आता त्या देवासला बहिणीकडे राहणार, तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. समझोता करणाऱ्यांना लोकअदालतीत हार घालतात, हातात रोप देतात. मावशींना दिराशेजारी उभं करून फोटो काढला, टाळ्याही वाजवल्या.

मग आईने फोन त्यांच्याकडे दिला.

"भिया, कोर्टाने झाड दिलं," मावशी म्हणाल्या. "लावू कुठे?"