तेवीस दाखले

भूकंप झाला त्या वर्षी मी लातूरला बारावीत होते. किल्लारीकडचं दुःख मोठं, त्यावर लिहायचा अधिकार माझा नाही. आमचं एवढंच झालं की कितीतरी दिवस कुणी छताखाली बसेना, म्हणून जीवशास्त्राचे सर कडुलिंबाखाली शिकवायचे. फळा फांदीला टांगलेला. वारा आला की त्यावर काढलेला कोंबडीचा गर्भ हलायचा आणि सर म्हणायचे, "बघा, जिवंत आहे." मी बिघडले ती तिथंच.

मेडिकल तीन मार्कांनी हुकलं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गंजगोलाईच्या अख्ख्या बाजारात सांगून टाकलं की पोरीचा रिझल्ट राखीव ठेवलाय. तो त्यांनी पुढं वीस वर्षं राखीवच ठेवला.

मी नांदेडला शिकले, तिथंच कॉलेजात लागले आणि गर्भाच्या जनुकांवर संशोधन करू लागले. कोंबडीच्या गर्भाचं हृदय आधी मधोमध सरळ नळीसारखं असतं, मग एका बाजूला वळतं. कुठं वळायचं हे त्याला कोण सांगतं, हा माझा प्रश्न. आणि आमचं घर लिंगायत वाण्याचं! अंडं हा शब्दसुद्धा स्वयंपाकघराबाहेर उच्चारायचा. नातेवाइकांनी विचारलं तर अप्पा सांगायचे, "नांदेडला नोकरीला हाय." कसली नोकरी, हे नाही. मला याचा फार राग यायचा. आयुष्यात एकदा तरी या माणसानं एका तरी गिऱ्हाइकाला माझं काम सांगावं, एवढंच मला हवं होतं.

तोवर लातूरभर क्लास उगवले. अप्पांचं पेंड-सरकीचं दुकान वह्या, गाइडं आणि झेरॉक्सचं झालं. चाकूर-देवणीकडचे आईबाप पोरांना घेऊन यायचे आणि अप्पांनाच विचारायचे, कुठला क्लास चांगला. अप्पा सगळ्यांना सल्ला द्यायचे. घरातल्या बारावीबद्दल मात्र मिठाची गुळणी.

मग माझ्या प्रोफेसरपदाची मुलाखत ठरली. फॉर्ममध्ये सायटेशनचा, म्हणजे दाखल्यांचा, रकाना होता. फोनवर अप्पांनी विचारलं, "काय करायलीस?"

"दाखले मोजतेय. माझ्या निबंधाला किती मिळाले ते लिहायचंय."

"किती लागतात?"

"जितके जास्त तितकं बरं."

इथं माझी चूक झाली. लातूरच्या माणसापुढं दाखला हा शब्द जपून वापरावा. भूकंपानंतर निम्म्या जिल्ह्यानं भूकंपग्रस्ताच्या दाखल्यासाठी तहसिलीत रांगा लावल्या होत्या. त्यावर नोकऱ्या लागल्या होत्या. आठवड्यानं एसटीच्या कंडक्टरच्या हाती एक पिशवी आली. रहिवासी दाखला, शाळा सोडल्याचा, जातीचा, चारित्र्याचा, सगळे साक्षांकित, वर अप्पांची चिठ्ठी: 'भूकंपग्रस्ताचा मिळाला नाही, आपली भिंत पडली नव्हती. माफ कर.'

मी हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी राहिले. मग डोळे पुसले. सत्तरीचा माणूस माझ्यासाठी उन्हात रांगेत उभा राहिला होता.

रविवारी लातूरला गेले. दुकानात बसून त्यांना समजावलं की दुसऱ्या संशोधकांनी आपल्या निबंधात माझं नाव घेतलं, तर तो एक दाखला. माझे तेवीस झालेत.

"ओळख नसताना नाव घेतात?"

"हो."

"साहेबाला न भेटता?"

"हो, अप्पा. जपानचे आहेत, जर्मनीचे आहेत. एकानं तर लिहिलंय की माझा निष्कर्ष त्याला पटत नाही. तोही त्यात मोजलाय, म्हणून जरा लाज वाटते."

अप्पांनी बराच विचार केला. "लाज कशाची? नावं ठेवायची तरी आधी नाव घ्यावंच लागतं की. न्हाई तर कोण कुणाला इचारतं?"

माझ्या संशोधनावर इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात देवणीकडचं एक जोडपं मुलीला घेऊन आलं. रिपीटर बॅचची गाइडं हवी होती. मुलगी डोळे सुजवून उभी. बाप म्हणाला, "थोडक्यात हुकलं. गावात काय तोंड दाखवावं, अप्पा?"

मी मान खाली घालून वह्या लावत राहिले. आता अप्पा क्लासचा पत्ता देतील, असं वाटलं.

"ही माझी लेक," अप्पा म्हणाले. "हिचं तीन मार्कांनी हुकलं होतं. अंड्यातल्या जिवावर काम करती. जपानात लोक तिचं नाव घेतात."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं. "तीन मार्कांनी?"

"तीन," अप्पा म्हणाले. "हिनं कधी लपवले न्हाईत. मीच लपवत बसलो, अन् तोंड पाडून फिरली ही."