चार माणसांचा तंबू

साडीच्या दुकानात बाई साडी अंगाला लावते, आरशात बघते, आवडली तर घेते, नाहीतर निघून जाते. मागे काही उरत नाही. तंबूच्या दुकानाचं तसं नाही. इथं गिऱ्हाईक तंबूत शिरतं! शिरून आडवं होतं, वर बघतं, कुशीवर वळतं, आणि तेवढ्यात त्याचा सगळा स्वभाव आम्हाला कळतो. किस्से साचायला अजून काय लागतं?

लक्ष्मीपुरीत आमचं दुकान. सासरे मूळचे जयसिंगपूरचे, ताडपत्रीचे व्यापारी. ट्रकवर टाकायची ताडपत्री, गुऱ्हाळावर टाकायची ताडपत्री, एवढाच माल. मी लग्न होऊन आले ती नव्वदीच्या सुरुवातीला. मला शिवणकाम येत होतं आणि गप्प बसणं येत नव्हतं. म्हणून तंबू सुरू झाले. गल्ल्यावर आमचे हे, मशीनवर मी, आणि दाराजवळच्या स्टुलावर सासूबाई. त्यांना आम्ही कानडी पद्धतीनं अत्ती म्हणतो. अत्ती काही विकत नसत. पण त्यांनी तोंड उघडलं की दुकान हसायचं.

*

पहिला तंबू मी शिवला तो एका कॉलेजातल्या सरांसाठी. ते पोरांना घेऊन डोंगर हिंडायचे. त्या वर्षी पन्हाळ्यावरून विशाळगडापर्यंत चालत जायचं ठरवलं होतं.

"वहिनी, असा तंबू द्या की कसला बी पाऊस येऊ दे, थेंब आत यायला नको!"

मी म्हटलं, बघाच आता. ट्रकची जाडजूड ताडपत्री घेतली, डबल शिलाई मारली, शिलाईवर मेण घासलं. खाली लोखंडी कड्या, मधे लाकडी दांडा. तंबू नव्हे, किल्लाच!

आठवड्यानं सर आले. मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, "थेंब आला का आत?"

"न्हाय."

"वाऱ्यानं हलला का?"

"तसूभर न्हाय!"

"मग तोंड असं का केलंय?"

"वहिनी, पन्हाळ्यावर एस्टीतनं उतरलो, तिथं तंबू लावला. दुसऱ्या दिवशी उचलाय गेलो, तर कुणाच्यानं उचलंना! विशाळगड ऱ्हायला बाजूला. पन्हाळ्यावरच पिठलं-भाकरी खाऊन परत आलो!"

त्या दिवसापासून दुकानात कुणीही आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला. "तंबू उचलणार कोण? गाडी का खांदा?" गाडी असेल तर जाड कापड, उंच दांडा, पाहिजे ते घ्या. खांदा असेल तर हलकं नायलॉन. नायलॉन बघून लोक नाक मुरडायचे. मुरडू देत. खांदा त्यांचा होता, तंबू माझा होता!

*

पुढं बाहेरून घुमटासारखे तयार तंबू यायला लागले. पिशवीवर लिहिलेलं असायचं, चार माणसांसाठी. आम्हीही तेच वाचून विकायचो.

एक दिवस तालमीतले चार पैलवान आले. दाजीपूरला जायचं होतं.

"वहिनी, चार मानसांचा तंबू दावा."

मी दुकानाच्या मधोमध लावून दिला. पहिला पैलवान आत जाऊन उताणा झोपला. दुसरा त्याच्या शेजारी झोपला. तंबू भरला. तिसरा कुशीवर होऊन कसाबसा घुसला, तसा तंबू एका अंगाला फुगला. चौथा दारात ओणवा होऊन बराच वेळ आत बघत राहिला. मग उठून माझ्याकडं आला, पिशवीवरचं अक्षर नीट वाचलं आणि शांतपणे म्हणाला,

"वहिनी, चार मानसं म्हंत्यात, ती मानसं मापली कुठं? पुण्यात काय?"

आमचे हे गल्ल्यामागं बसून हसले ते उठेचनात. मी मात्र आठ जणांचा तंबू काढला. चौघं आडवे झाले, हातपाय पसरले, खूश झाले. तेव्हापासून माझा हिशेब पक्का आहे. तंबूवर जेवढी माणसं लिहिलेली असतील त्यातनं एक वजा करायचा, म्हणजे सामान ठेवायला जागा होते. गिऱ्हाईक तालमीतलं असेल तर सरळ निम्मे!

*

साखर कारखान्यातले एक केमिस्ट होते. गळ्यात कायम दुर्बीण. राधानगरीच्या जंगलात पक्षी बघायला जायचे. त्यांना मिलिटरीसारखा हिरवा तंबू पाहिजे होता.

मी म्हटलं, "साहेब, नारिंगी घ्या. लांबनं दिसतो."

ते माझ्यावर हसले. "वहिनी, जंगलात जंगलासारखं राहायचं असतंय. शेजारनं गवा गेला तरी त्याला कळता कामा नये!"

नेला हिरवा. पुढच्या सोमवारी दुकान उघडायच्या आत पायरीवर हजर.

"नारिंगी द्या."

"का हो? हिरव्याला काय झालं?"

"काय न्हाय. सकाळी तंबू लावून पक्षी बघाय गेलतो. दुपारी परत आलो..."

"गव्याला कळला का मग?"

"त्याला कळला असंल. मला न्हाय कळला!"

मला हसू आवरेना, पण धंदा तो धंदा. मी म्हटलं, "देते की बदलून. जुना आणलाय न्हवं?"

केमिस्टसाहेबांनी दुर्बीण सावरली आणि म्हणाले, "गावला की आणतो!"

*

आमच्या मागच्या अंगणात आम्ही तंबू तपासायचो. तंबू लावायचा, नळाला पाइप जोडायचा आणि वरून पाणी सोडायचं. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. माझा त्यावर मोठा भरवसा.

एका बँकेचे साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, टाय, चकचकीत बूट. म्हणाले, "बाहेरून काय कळणार? मी आत बसून खात्री करणार."

"बसा की!"

साहेब आत गेले, चेन लावून घेतली. ह्यांनी पाइप धरला. पाणी चारी बाजूंनी फिरवलं, शिलाईवर मारलं, कोपऱ्यात मारलं. आतनं आवाज नाही. मी निवांत. मग तंबूत गडबड झाली आणि साहेब बाहेर आले. नखशिखांत भिजलेले! टाय छातीला चिकटलेला, बुटातनं पाणी.

अंगणात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. एवढ्या लोकांत माझा तंबू गळला? मी धावत आत शिरले, शिलाई न् शिलाई हातानं चाचपली. सगळी कोरडी! फक्त दाराजवळ पाणी.

"साहेब, झालं काय?"

साहेब रुमाल पिळत म्हणाले, "काहीच आवाज येईना. तुम्ही पाणी खरंच मारताय का, हे बघायला चेन उघडली."

अत्तींनी स्टूल अंगणात ओढून आणलेलं होतं. तिथनं निकाल आला, "तंबू पास! साहेब नापास!"

साहेबांनी तंबू घेतला हे सांगितलं पाहिजे. माणूस दिलदार होता.

*

अत्तींचे थोरले भाऊ जयसिंगपूरला. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. थंडीला फार भ्यायचे. नृसिंहवाडीला सगळं कुटुंब घेऊन मुक्कामाला निघाले, तर धर्मशाळा नको, आपल्या भाचेसुनेचा तंबू पाहिजे! मी त्यांना मोठा तंबू दिला आणि सांगितलं, "अण्णा, दोन्ही बाजूच्या जाळ्या उघड्या ठेवा. वारा खेळू दे."

"बेडा, बेडा!" अण्णा म्हणाले. म्हणजे नको नको. "वारा कशाला? गार लागतंय. सगळं गच्च बंद होतंय न्हवं?"

होत होतं. त्यांनी केलंही. सकाळी सकाळी दुकानात फोन. मीच उचलला.

"काय पोरी, असला तंबू देतीस? सगळी पांघरुणं भिजली! छतातनं टपटप गळतंय!"

"अण्णा, पाऊस पडला काय तिकडं?"

"न्हाय. आभाळ स्वच्छ हाय."

मला कारण माहीत होतं. सहा-सात माणसांचा श्वास बंद तंबूत कोंडला, वरच्या गार कापडाला लागला आणि त्याचं पाणी झालं. जाळी उघडी असती तर बाहेर गेला असता. पण वडीलधाऱ्या माणसाला हे फोनवर कसं समजवायचं? मी शब्द जुळवत होते, तोवर अत्तींनी माझ्या हातातनं फोन घेतला.

"अण्णा," त्या ओरडल्या, "तंबू गळत न्हाय! तू घोरतोस!"

आणि फोन ठेवून दिला. त्या दिवशी दुपारीच अण्णांचा परत फोन आला, जाळी नेमकी कुठनं उघडायची हे विचारायला.

*

एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मुलींचं शिबिर घेऊन जाणार होत्या. त्यांनी कापड विचारलं नाही, रंग विचारला नाही. पिशवीतनं एक सुती साडी काढली आणि म्हणाल्या, "मला तंबूत साडी नेसता आली पाहिजे."

दुकानातले दोन बाप्ये खुदकन हसले. मी त्यांच्याकडं असं बघितलं की गप्प झाले. माझ्या मते आजवर दुकानात कुणी विचारलेला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच! माणसाला तंबूत नुसतं झोपायचं नसतं. कपडे बदलायचे असतात, केस विंचरायचे असतात. वाकून वाकून कंबर गेली की कसलं शिबिर आणि कसली मजा!

मी दोन तंबू लावले. बाई पहिल्यात गेल्या. तंबू डावीकडं हलला, उजवीकडं हलला, वरनं डोक्याचा उंचवटा फिरत राहिला. बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या. जाताना नेसलेलीच साडी अंगावर, नवी साडी बोळा होऊन हातात, आणि अंबाडा सुटलेला.

चष्मा नीट करून त्या म्हणाल्या, "हा पंजाबी ड्रेसचा तंबू आहे. साडीचा दाखवा!"

दुसऱ्यातनं त्या बाहेर आल्या त्या निऱ्या अगदी चापूनचोपून बसलेल्या. तसले तंबू आमच्याकडं पुढं कित्येक वर्षं 'साडीचा तंबू' याच नावानं खपले.

*

आता हा शेवटचा. हा मी दुकानात कधी सांगत नाही.

एका पावसाळ्यात पंचगंगा नदी गावात शिरली. खालच्या गल्ल्यांतली घरं पाण्यात गेली. आम्ही दुकानातले होते नव्हते तेवढे तंबू टेंपोत घातले आणि एका शाळेच्या उंचावरच्या मैदानात नेऊन लावले. मी स्वतः उभी राहून लावून घेतले. वाऱ्याकडं पाठ, भोवतीनं चर, दोऱ्या ताठ. एक तंबू हलला नाही, एकात पाणी शिरलं नाही.

एका तंबूत एक नवरा-बायको होते. ती लहानखुरी, विशीतली. नाव रेखा. तो एका वर्कशॉपमध्ये होता. सगळ्यांशी गोड बोलायचा. मला पाणी आणून द्यायचा, म्हाताऱ्यांच्या चादरी वाळत घालायचा. मैदानातल्या बायका म्हणायच्या, "नवरा असावा तर असा!"

पाणी उतरलं. ऊन पडलं. लोकांनी घरातला चिखल काढला आणि एकेक कुटुंब परत गेलं. मी तंबू गोळा करायला गेले तेव्हा मैदान जवळजवळ मोकळं झालं होतं. रेखाचा तंबू तेवढा उभा. ती दारात बसून तांदूळ निवडत होती.

"काय गं, घर झालं न्हवं साफ?"

"व्हय, वहिनी. झालं की."

"मग? घरी जायला नको?"

तिनं सूप खाली ठेवलं. नवरा पलीकडं टेंपोत सामान चढवायला मदत करत होता. त्याच्याकडं एकदा बघून ती माझ्या अगदी जवळ आली.

"वहिनी, हितं ते हळू बोलत्यात. हात बी उचलत न्हाईत. चारी बाजूला मानसं हायत न्हवं, कापडातनं समदं ऐकू जातंय." मग म्हणाली, "घराला भिंती हायत, वहिनी."

तिनंच पुढं सांगितलं, "माझा दादा कोडोलीला असतोय. रस्ता सुटला की मला न्यायला येतो म्हटलाय. तवर ह्यो तंबू न्हेऊ नगासा."

तेवढ्यात नवरा हात झटकत आला. तसाच हसतमुख. "वहिनी, ह्यो ऱ्हायला न्हवं? सोडू काय दोऱ्या?" असं म्हणून तो खुंटीजवळ वाकलाही.

"थांबा!" मी म्हटलं. तंबूच्या कापडावर हात फिरवला. दोन दिवसांच्या उन्हानं पापडासारखं वाळलं होतं.

"ओला हाय," मी म्हटलं. "ओल्या तंबूची घडी घालत न्हाईत. बुरशी धरती. असू दे हितंच."

त्यानं वर उन्हाकडं बघितलं. मग कापडाला हात लावून बघितला. "कोरडा ठणठणीत तर हाय की, वहिनी!"

टेंपोजवळची माणसं आमच्याकडं बघायला लागली होती. मी त्याच्या हातातली दोरी काढून घेतली, खुंटीला परत करकचून बांधली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"पावणं, तंबूच्या आतलं तुम्हाला कळतंय का मला?"