काकांचा ओढा आणि माझी शाल

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं, त्यातलं निम्मं आईबाबांनी केलं आणि उरलेलं हॉर्नबीच्या काकांनी; आणि न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर असा एकही ओढा नसेल, ज्यात या काकांनी सोन्यासाठी परात फिरवली नसेल. ते माझे सख्खे काका नव्हेत. पुण्याच्या कारखान्यात टर्नर होते, पुढे ख्राइस्टचर्चला येऊन तेच काम करून निवृत्त झाले. तालुक्याच्या गावातून मी इथे शिकायला आलो, तेव्हा हॉर्नबी उपनगरातल्या त्यांच्या घरामागच्या खोलीत दोन वर्षं राहिलो.

काका भात धुतानाही पातेलं परातीसारखं गोल हलवत आणि तळाशी काही चमकतंय का ते बघत. दर पुलावर गाडी थांबवत. "सोनं जड असतं आणि आळशी असतं," ते म्हणत. "पाणी जरा मंदावलं की बैठक मारतं." सापडलेले कण ते होमिओपॅथीच्या बाटलीत पाणी घालून ठेवत आणि पाहुण्यांना चहाआधी दाखवत. यावर काकू म्हणत, "एवढी वर्षं सोनं काढतायत, माझ्या मंगळसूत्रात एक मणी वाढलेला नाही!" माझ्या इंटरव्ह्यूची तयारीही काकांनी ओढ्यातच करून घेतली. मला गुडघाभर बर्फगार पाण्यात उभं करून स्वतः काठावरून साहेबी आवाजात विचारत, "टेल मी अबाउट युअरसेल्फ." पाय गारठले की माणूस फापटपसारा लावत नाही, हा त्यांचा सिद्धांत. नोकरी मला त्याच उत्तरावर लागली.

घाटापलीकडे, हौशी लोकांसाठी सरकारनं मोकळ्या ठेवलेल्या एका ओढ्यात, काकांना एकदा भिजलेल्या तुरीच्या डाळीएवढा खडा सापडला. त्यांनी तो खडा माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "काढ फोटो. पण कुणाला सांगू नकोस हं. ओढा लहान आहे, माणसं झेपायची नाहीत त्याला."

मी तो फोटो त्याच संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. जागेच्या नकाशासकट. वर लिहिलं, 'सापडलं!'

पुढच्या शनिवारी काठावर गाड्यांना जागा नव्हती. लोक पिठाच्या चाळण्या, स्टीलच्या पराती घेऊन आले; एक जण तर पुरणयंत्र घेऊन आला. "आई, हीप्स आहे इकडे, ढीगभर!" म्हणत मुलं सोनं समजून अभ्रकाचे तुकडे खिशात भरत होती. दर लाँग वीकेंडला तंबू पडू लागले, तंबूंच्या आळ्या झाल्या, बटाटेवड्यांचा स्टॉल आला, 'सुवर्णवाडी' अशी पाटी लागली. गाव वसलं म्हटल्यावर समिती आली, आणि समिती आली म्हटल्यावर दोन गट. काका वरच्या अंगाला एकटेच परात घेऊन बसत. पाणी दिवसभर गढूळ असे.

त्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात 'सुवर्णवाडीचे संस्थापक' म्हणून माझा सत्कार ठरला. शाल आणि श्रीफळ. काका तिसऱ्या रांगेत होते. खरं सांगायचं ठरवूनच मी माइककडे गेलो. पण समोर एकानं फोन धरला होता, आणि फोनमध्ये गावाकडचं आमचं घर. बाबा इस्त्रीचा सदरा घालून बसलेले, मागे सगळी गल्ली उभी. घराण्यातला पहिला पदवीधर परदेशात सत्कार घेत होता. मी म्हणालो, "हे आपणा सर्वांच्या सहकार्यामुळे शक्य झालं." सगळ्यात जोरात टाळ्या काकांनी वाजवल्या.

परतताना गाडीत मी पुटपुटलो, "काका, मला बोलायला हवं होतं."

"अरे, फोटोत हात तुझाच होता ना? मग झालं," ते म्हणाले. पुढे तीन पूल लागले. एकावरही त्यांनी गाडी थांबवली नाही.

त्यानंतर ते त्या ओढ्यावर गेले नाहीत. वर्षभरात घर विकून काकांनी आणि काकूंनी ऑकलंडला, फ्लॅट बुश भागात लेकीकडे मुक्काम हलवला. फोनवर गुडघ्यांबद्दल बोलतात, माझ्या नोकरीची चौकशी करतात. सोन्याचं नाव काढत नाहीत. फोनवर मला धीर होईना, म्हणून गेल्या आठवड्यात त्यांना हे पत्र पाठवलं:

'तीर्थस्वरूप काकांस साष्टांग नमस्कार.

रविवारी मंडळाच्या सभेत मी उभा राहून सांगितलं, की खडा तुम्हाला सापडला होता आणि जागा गुप्त ठेवायला तुम्ही मला बजावलं होतं. फार मोठं काही घडेल असं वाटलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "बरं झालं सांगितलंत," आणि चहा आला. एवढ्याशा गोष्टीला मी तीन वर्षं घाबरलो, याची आता जास्त लाज वाटते.

बाबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार कळव." तो कळवतो.

सुवर्णवाडीत आता कुणी येत नाही. मी शनिवारी एकटाच गेलो होतो. पाणी निवळलंय, तळातला दगड न् दगड दिसतो. मी परात भिजवली नाही. थोडा वेळ काठावर बसलो आणि परत आलो.

तुमचे गुडघे बरे असतील तेव्हा कळवा. मी न्यायला येईन.'