पत्रूभाऊंच्या कानातली घरघर

आमच्या सावली गावात बातमी होती की पत्रूभाऊंनी या वयात बाहेर सूत जमवलं आहे. ही बातमी चहावाल्या चैतूच्या आवाजातच सांगायला हवी, नाकातून आणि शेवट ओढत: "रोज सकाळी कानात फोन टाकते अन् तिच्यासंग हं-हं करत चालते गाऽ." ही नक्कल मी इतकी हुबेहूब करायचो की एकदा चैतूच्या बायकोने आतूनच मला दूध आणायला पिटाळलं.

बातमी साफ खोटी. पत्रूभाऊंच्या कानात ऊर्जानगरच्या वीज केंद्राची घरघर वाजत असे.

पत्रूभाऊ आमचे शेजारी. सारी नोकरी त्यांनी त्या केंद्रात शिफ्टमध्ये काढली, राहिले तिथल्याच क्वार्टरमध्ये. रिटायर झाल्यावर सावलीत घर बांधलं. घरभरणी झाली, आणि इंदुताई, म्हणजे त्यांची बायको, नातू झाला म्हणून दोन महिन्यांसाठी नागपूरला मुलीकडे गेल्या. त्या अजून तिथेच आहेत. इकडे पत्रूभाऊंची साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, रोज कालव्यापर्यंत चाला. मुलगी करिष्मा म्हणाली, पुढच्या रिपोर्टात साखर उतरली नाही तर बाबा, मी गाडी घेऊनच येते. पत्रूभाऊ नागपूरला एकदा राहून आले होते. चौथा माळा, हॉलमधला सोफा, रात्री पाणी प्यायला उठलं तरी सगळं घर जागं. त्यांना तिकडे जायचं नव्हतं.

पण चालणंच जमेना. शेवटचं घर मागे पडलं की धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, सुरू होतात, आणि तिथूनच ते परत फिरायचे. कधी गुडघ्याचं नाव सांगत, कधी कुत्र्यांचं. मी खोदून विचारलं तेव्हा खरं निघालं.

"तिथून पुढं काहीच वाजत नाई," ते म्हणाले. "पाखरू ओरडते अन् थांबते. थांबलं का मले वाटते काहीतरी बंद पडलं. पाय आपोआप मागं वळते."

क्वार्टरमध्ये घरघर चोवीस तास असायची. ती थांबली की बायका पोळी तव्यावर टाकून दारात येत, असं ते सांगायचे. इथे सावलीत ती रोजच थांबलेली.

म्हणून त्यांनी जुन्या जोडीदाराला, दिनेशला, फोन केला. दिनेश अजून नोकरीत. त्याने पहाटे क्वार्टरच्या गच्चीवर मोबाइल ठेवून तासभराची घरघर टिपली आणि पाठवली. मधेच तो दोनदा खोकला आहे. त्या खोकल्याला पत्रूभाऊ चालता चालता "हं" म्हणायचे. चैतूने ऐकलं ते हेच.

आता ते ऐकायला कानात घालायचं काय, हा प्रश्न. आदेशच्या मोबाइलच्या दुकानात मीच त्यांना घेऊन गेलो, कारण आदेशची नक्कल पक्की करायची होती. पहिली जोडी त्याने रबरी बोंडांची दिली. चालताना पडणार नाही, घामाने बिघडणार नाही, सब गॅरंटी. दुसऱ्याच दिवशी पत्रूभाऊ ती घेऊन परत. कान बंद झाले की स्वतःचंच पाऊल डोक्यात धपधप वाजतं, मागून कोणी येतंय असं वाटतं, म्हणून ते दोनदा वळून पाहून आले होते. मागे कोणी नव्हतं.

आदेशने मग महागडा डबा काढला आणि आवाज खाली आणला, जसा तो फक्त महाग वस्तूसाठी आणतो. काका, ह्याच्यात बाहेरचा आवाज पूरा कट होते.

पत्रूभाऊंनी डबा उलटापालटा करून पाहिला. "बाहेर आवाज आहेच कुठी, कापाले?"

आदेशने डबा पुसून परत फळीवर ठेवला. त्याचं ते डबा पुसणं मी आजही करून दाखवतो, वर्गात फार चालतं.

शेवटी कानावर अडकवायचे मिळाले. कानाचं भोक उघडंच राहतं आणि आवाज बाहेरून आल्यासारखा येतो. मागून मोटरसायकल आली तर तीही कळते. आदेशने ते चंद्रपूरहून मागवले. पत्रूभाऊंनी दुकानातच घरघर लावली, आवाज कमी केला, आणखी कमी केला, मग रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. गिऱ्हाईकं त्यांना वळसा घालून आत येत होती.

त्यानंतर ते कालव्यापर्यंत जाऊ लागले. पावसाळा संपता संपता रिपोर्ट आला. साखर उतरली होती, थोडी. करिष्माने गाडी पुढच्या रिपोर्टवर ढकलली. इंदुताई फोनवर म्हणाल्या, मंग मी आता काऊन येऊ, तुमचं तर बरं चालून राह्यलं. ही नक्कल मी एकदाच केली. पत्रूभाऊ हसले नाहीत.

एका सकाळी त्यांच्या कानातल्याची चार्जिंग अर्ध्या वाटेत संपली. मी सायकलवर तिथून जात होतो. ते बांधीकडेला उभे होते, पुढेही जात नव्हते, मागेही नाही. माझा आवाज नुकताच फुटला होता, खालचा सूर मस्त लागायचा. मी सायकलवरून उतरलो, घशातून घरघर सुरू केली, आणि ते चालू लागले. कालव्यापर्यंत पोचलो.

मला भलताच चेव चढला. म्हटलं, पैज लावा. तुम्ही पाठ करून उभे राहा, मी एकदा मोबाइल लावतो, एकदा गळा. ओळखता येणार नाही. जिंकलो तर कानातले माझे.

"अन् हरला तं?"

"तुमी सांगाल ते."

"सकाळी माझ्यासंग येशील. रोज."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात पैज झाली. मी क्रम बदलून पाहिला, भिंतीमागून पाहिलं, तोंडापुढे पाण्याचा रिकामा गडवा धरून पाहिलं. दर वेळी त्यांनी बरोबर ओळखलं. मी चिडून विचारलं, कसं?

"तू मधात दम घेतेस, बाबू."

तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांच्यासोबत कालव्यापर्यंत जातो. चैतूची, आदेशची, सगळ्यांची नक्कल करून झाली. कानातले ते लावतातच. मी बोलत असतो, आणि मधेच ते दुसरीकडे बघून "हं" म्हणतात.