गरीब घोडी विकणे आहे

रत्ना सोनटक्के यांच्या फाटकाशी काउंटीच्या प्राणी विभागाची गाडी येऊन उभी राहिली, ती एका शब्दामुळे. तो शब्द छापायला जाण्याआधी मी तपासला होता आणि त्यात मला काहीही चूक दिसली नव्हती. अजूनही दिसत नाही.

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या मराठी घरांत त्यांना ‘घोडेवाल्या मावशी’ म्हणतात. त्या नागपूरला पशुवैद्यक शिकल्या. वर्गात मुली दोनच. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा ती पदवी इथे चालणार नाही, परीक्षा नव्याने द्या असं सांगण्यात आलं. नवऱ्याची नोकरी दर दोन वर्षांनी गाव बदलायची, त्यामुळे परीक्षा राहिली ती राहिलीच. मावशींनी जवळच्या एका घोड्यांच्या फार्मवर काम धरलं. पदवीधर बाई लीद उपसते, असं तेव्हाच्या मराठी मंडळातल्या बायका बोलायच्या, आणि मावशी ते हसत सांगतात. पुढे त्यांनी आमच्यापासून पाऊण तासावर बारा एकर जागा घेतली आणि मुलांना बसता येईल अशी लहान चणीची घोडी पैदा करायला सुरुवात केली. चाळीस वर्षांत त्यांच्याकडून घोडं नेलेल्या एकाही घरातून तक्रार आली नाही. हे मला त्यांनी सांगितलेलं नाही. डेल नावाच्या नालबंदाने सांगितलं, जो त्यांच्या घोड्यांचे खूर साफ करतो, नाल मारतो आणि गरज नसताना एक शब्द बोलत नाही.

माझी अनया अकरा वर्षांची आहे. दोन वर्षं ती शनिवारी मावशींकडे घोड्यावर बसायला जाते. मी कुंपणाबाहेरच्या बाकावर बर्फाची पिशवी, बँडेज घेऊन आणि सगळ्यात जवळच्या हॉस्पिटलचा रस्ता फोनवर उघडून बसते. मावशी एकदा म्हणाल्या होत्या, “सुवर्णा, माझ्या घोड्यांपेक्षा तूच जास्त दचकतेस.”

या वर्षी मावशींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं. तारीख डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. बाकीची जनावरं त्यांनी हळूहळू चांगल्या घरी दिली होती. राहिली होती शेवंती. वय चौदा, रंग तांबूस, आणि माझ्या मुलीच्या सगळ्या गुपितांची धनी. ऑपरेशनच्या आधी तिला घर मिळायला हवं होतं, आणि ते मराठी घर असावं अशी मावशींची इच्छा होती. कारण शेवंतीला ‘चल’, ‘थांब’ आणि ‘हळू’ एवढंच कळतं. म्हणून एरवी काउंटीच्या साप्ताहिकात जाहिरात देणाऱ्या मावशींनी या खेपेला मंडळाच्या दिवाळी अंकात दिली. शुद्धलेखन बघायला मला पाठवली.

ती अशी होती:

‘घोडी विकणे आहे. वय चौदा. उजव्या डोळ्याने कमी दिसते, त्या बाजूने जाताना आवाज द्यावा. ट्रेलरमध्ये चढायला वेळ लावते. पावसाळी हवेत पुढचा डावा पाय आखडतो. अत्यंत गरीब. लहान मुलांच्या घरी द्यायची आहे. घर बघूनच दिली जाईल.’

मी एक वेलांटी बदलली आणि भीत भीत विचारलं की आधी दोषच का लिहायचे. मावशी मला दाणागोट्याच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे भिंतीवर एका जुन्या वर्तमानपत्राची फोटोकॉपी आहे, इथे अमेरिकेत इंग्रजांचं राज्य होतं त्या काळातली. काउंटीच्या ग्रंथालयातून त्यांनी ती करून आणली होती. पानभर जाहिराती. खोगीरवाला नव्या दुकानात आलाय, नालबंदाला हाताखाली माणूस हवाय, अमक्याचा उमदा घोडा या हंगामात तमक्याच्या तबेल्यात पैदाशीसाठी उभा राहील आणि त्याच्यासारखा सबंध प्रांतात दुसरा नाही. खाली कोपऱ्यात एक हरवलेली घोडी. कपाळावर डाग, शेपूट आखूड, मागचा पाय किंचित ओढते.

“हरवलेल्या घोड्याच्या जाहिरातीत माणूस खरं लिहितो, कारण त्याला घोडा परत हवा असतो,” मावशी म्हणाल्या. “विकायच्या जाहिरातीत खोटं लिहितो, कारण परत नको असतो. मी विकायचीही हरवल्यासारखी लिहिते.”

मंडळाच्या अंकाचा संपादक राजेश. इथे जन्मलेल्या मुलांना कळावं म्हणून त्याने या वर्षी सगळ्या अंकाचं इंग्रजी रूप काढलं. काढलं म्हणजे यंत्रात घातलं आणि बाहेर आलं ते चिकटवलं. यंत्राने ‘अत्यंत गरीब’चं ‘व्हेरी पुअर’ केलं.

ज्याच्या आजोळी एक तरी गाय होती त्याला गरीब जनावर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पोरानं शेपूट ओढली तरी जे मान वळवून फक्त बघतं, ते गरीब. पण इथल्या घोडेवाल्यांच्या बोलीत ‘पुअर’ घोडा म्हणजे ज्याच्या बरगड्या मोजता येतात तो. घोड्याच्या अंगावर मांस किती, हे सांगायची त्यांची एक मोजणी आहे आणि तिची सगळ्यात खालची पायरी म्हणजे ‘पुअर’. तेव्हा इंग्रजी पानावर छापलं गेलं ते असं, की एका डोळ्याने अधू, लंगडी, उपासमारीने मरायला टेकलेली घोडी लहान मुलांसाठी विकणे आहे.

कुणीतरी त्या पानाचा फोटो काउंटीतल्या घोडेवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. चौथ्या दिवशी गाडी आली.

मी तिथे नव्हते. डेल होता, शेवंतीचा खूर हातात धरून बसलेला. अधिकारी बाई सभ्य होती, असं तो म्हणाला. तिने शेवंतीच्या कुशीवर तळवा दाबून बरगड्या शोधल्या, आणि त्या सापडेनात तेव्हा दुसऱ्या बाजूने जाऊन शोधल्या. गवताच्या गंजी बघितल्या, पाणी बघितलं, दात बघितले. मग जाहिरातीचा कागद काढून मूळ शब्द काय आहे ते विचारलं.

मावशींनी सांगितलं, “गरीब. म्हणजे जी कधी कुणाला लाथ मारत नाही.”

बाईने तो शब्द वहीत लिहून घेतला, सगळं ठीक असल्याचा शेरा मारला आणि ती गेली. पण तक्रारीचा क्रमांक मावशींच्या नावावर राहिला. चाळीस वर्षांत पहिला.

आता माझी गोष्ट. अंक माझ्याकडे होता, मूळ मजकूर मी वाचलेला होता, शेवंतीची गोल पाठ मी दर शनिवारी बघत होते. तरी मंडळाच्या ग्रुपवर ‘फार्मवर इन्स्पेक्शन झालं म्हणे’ असं वाचलं आणि त्या शनिवारी मी अनयाला घरी ठेवलं. उगाच कशाला, एवढंच मनाशी म्हटलं. अनयाने इंग्रजीत विचारलं की ती जाहिरात तर तूच वाचून छान आहे म्हणाली होतीस ना. मी तिला कपड्यांच्या घड्या घालायला लावलं.

त्या शनिवारी एकही मूल गेलं नाही. आश्लेषाने, जिने आपल्या ईशानसाठी शेवंती घ्यायची जवळजवळ ठरवली होती, मेसेज केला की मावशी, सध्या टायमिंग जमत नाहीये. फार्मवर येऊन एकदा बघावं असं तिला वाटलं नाही. तिला कशाला नावं ठेवू, मलाही वाटलं नाही.

मंडळाने काय केलं? ऑनलाइन अंकातून जाहिरात काढली आणि ग्रुपवर एक ओळ टाकली की काही तक्रारींमुळे एक जाहिरात मागे घेत आहोत. याच अंकात एक गृहस्थ घराचा भाव हमखास वाढेल असं छातीठोक सांगतात. एक क्लास मुलांना मोठ्या कॉलेजात प्रवेश मिळणारच म्हणतो. एका बाईंचं तेल सांधे, केस आणि स्मरणशक्ती तिन्हीवर चालतं. त्यांच्या दारात कुणाची गाडी गेली नाही. सबंध अंकात आपल्या मालाचे दोष स्वतः लिहिणारी एकच जाहिरात होती, आणि मागे घेतली ती तीच.

मी राजेशला फोन केला. तो म्हणाला, “सुवर्णा, एक वर्ड चुकला यार. काढली ना आम्ही ॲड?”

मी म्हटलं, “काढलीस म्हणूनच लोकांना ती खरी वाटली.”

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी हे सगळं पुन्हा सांगितलं, आवाज चढवून. मी एरवी अशा बैठकांत समोशांच्या बाजूला बसते. शेवटी पुढच्या ई-अंकात दोन ओळी आल्या. अनुवादात त्रुटी राहिली होती, संबंधितांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. संबंधित कोण, त्रुटी कोणती, काही नाही. मावशींचं नाव घालायची त्यांना लाज वाटली, जणू चूक मावशींची होती.

राजेश मग स्वतः फार्मवर गेला. मी आणि अनया तिथेच होतो, कारण एव्हाना मी मावशींसमोर उभी राहून शनिवारचं कबूल केलं होतं आणि त्यांनी फक्त “बरं, घमेलं धर” एवढंच म्हटलं होतं. राजेशने नवी जाहिरात फुकट द्यायची तयारी दाखवली. मजकूरही करून आणला होता. शांत, प्रशिक्षित, कुटुंबासाठी उत्तम. डोळ्याचा उल्लेख नाही, पायाचा नाही, आणि तो शब्द तर नाहीच.

“डोळा राहील, पाय राहील, शब्दही तोच राहील,” मावशी म्हणाल्या. “बदलायचंच असेल तर तुझं यंत्र बदल.”

“मावशी, लोक परत गैरसमज करतील.”

“ज्यांना मराठी येतं त्यांनी केला, त्याचं काय करू?”

राजेशने आणलेला मजकूर घडी करून खिशात घातला. मी घमेलं उचलून लीद टाकायला गेले.

दिलगिरीच्या दोन ओळी वाचून आश्लेषाचा फोन आला. ऑपरेशनला नऊ दिवस राहिले होते. ती अगदी गोड बोलली. टायमिंग आता जमेल, ईशान रोज विचारतो, कधी न्यायला येऊ. मावशींनी फोन स्पीकरवर ठेवला होता, हात भरलेले होते म्हणून. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं आणि मिळणारही नव्हतं.

मावशींनी विचारलं, “जाहिरात पूर्ण वाचली होतीस का? घर बघूनच दिली जाईल, असं लिहिलं होतं.”

“हो मावशी, या ना बघायला. कधीही या.”

“बघून झालं,” मावशी म्हणाल्या, आणि डेलला पुढचा खूर घ्यायची खूण केली.

पुढचे दोन दिवस मला झोप नव्हती. ऑपरेशन, थंडी, एकटी घोडी. आमच्या घरामागे गाडी लावायला जागा नाही, घोडी कुठे ठेवणार? तिसऱ्या दिवशी डेलने राहिलेले नाल ठोकता ठोकता, मान वर न करता सांगितलं की त्याची नात सात वर्षांची आहे आणि त्याच्या तबेल्यात एक कप्पा रिकामा आहे. गेली चाळीस वर्षं त्याची चार ओळींची जाहिरात काउंटीच्या साप्ताहिकात येते, नाव, फोन, नालबंद, सोमवारी बंद. मावशींनी त्याचं घर बघितलं नाही. चाळीस वर्षं तो माझ्या घोड्यांना कसा हात लावतो ते बघतेय, म्हणाल्या, तेवढं पुरे.

शेवंतीला न्यायला तो गुरुवारी आला. नातीसाठी त्याने एक जाड कार्ड आणलं होतं आणि शेवंतीला कळणारे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून घेतले. चल. थांब. हळू. खाली डोळा कोणता, पाय कोणता. मग पेन तसंच धरून त्याने विचारलं, त्या बाईला सांगितलात तो शब्द कोणता होता?

मावशींनी एकेक अक्षर सांगितलं. डेलने वाचून दाखवलं, ते ‘गॅरिब’ झालं. अनया पुढे झाली आणि तिने त्याला तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

शेवंतीने ट्रेलरमध्ये चढायला पाऊण तास लावला, जाहिरातीत लिहिल्याप्रमाणे. मावशी काठी टेकत तिच्या उजव्या बाजूला उभ्या होत्या, त्या बाजूचं तिला दिसत नाही म्हणून, आणि बोलत होत्या. ट्रेलरचं दार लागल्यावरही थोडा वेळ बोलत होत्या.