शेवटच्या पानावरून लावलेला निकाल

आधीच सांगते, हे लिहिताना मी शांत नाही आणि शांत व्हायचा माझा विचारही नाही. माझ्या थोरल्या बहिणीची शाळा एका चित्रांच्या पुस्तकापायी सुटणार होती. दहावीचा फॉर्म भरायला आठ दिवस राहिले होते. आमच्या घरात तोवर कुणी त्या फॉर्मपर्यंत पोचलेलं नव्हतं.

सीमाभागातल्या वडगावातलं आमचं घर मागावर चालायचं. आप्पा माग चालवायचे. आई, आक्का आणि मी मागाच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायचो. नकली रेशमाचं सूत व्यापाऱ्याकडून खोक्यांतून यायचं, कधी देशी, कधी परदेशी. ऐंशी सालाच्या आगेमागे आलेल्या एका खोक्यात, सूत हलू नये म्हणून, तळाला एक जाडजूड पुस्तक कोंबलेलं निघालं. मुखपृष्ठ फाटलेलं, कागद रद्दीसारखा, आत पानोपानी चित्रं आणि खोक्यावर होती तीच जपानी अक्षरं. शाळेचा गणवेश घातलेली एक मुलगी आणि एक मुलगा. मुलीचे डोळे एवढाले की अर्धा चेहरा त्यातच संपलेला. आप्पा म्हणाले, "चूल पेटवायला ठेव." आक्कानं ते चुलीपर्यंत नेलं आणि तिथून थेट माळ्यावर.

मी तेव्हा आठवीत. अक्षर वाचता येत नव्हतं, म्हणून गोष्ट रचून सांगायचं काम माझ्याकडं आलं. गल्लीतल्या पोरी माळ्यावर जमायच्या. पहिल्याच पानावर ती दोघं एकमेकांच्या मिठीत, वर चांदण्यांनी गच्च भरलेलं आभाळ. पुढं मिठी सुटायची, मग रुसवे, मग भांडणं आणि शेवटी दोघं एका वर्गात अशी बसायची की जशी कधी भेटलीच नाहीत. मी हे इतकं रंगवायचे की शेजारची एक पोर नाक पुसत म्हणाली, "टाकलं की गं मेल्यानं तिला!"

आक्का सगळं ऐकून घ्यायची. एक दिवस तिनं पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं.

"येडे, तू गोष्ट उलटी सांगतीयास."

"उलटी कशी?"

"कोपऱ्यात आकडे हायीत बघ की. तुझ्या पहिल्या पानाजवळ एकशे नव्वद आणि शेवटाला सात. जपानी माणसं पुस्तक आपल्या मागल्या बाजूनं उघडत असणार. त्यानं तिला टाकलं न्हाय. ती अजून भेटलीच न्हाईत."

मग आम्ही ते तिकडून वाचलं. तर काय, हात धरायला त्या दोघांना शंभर पानं लागली! त्या शंभर पानांत ती दोघं शाळेच्या गच्चीवर बसून नुसतं आभाळाचं डोकं खात होती. मुलगी वर बोट दाखवून काहीतरी विचारते. मुलगा वहीत एक डोळा काढतो, त्याच्याभोवती गोल, गोलाभोवती आणखी मोठा गोल आणि प्रत्येक गोलावर चांदण्या. पुढच्या प्रत्येक पानावर चांदण्या वाढत जातात, एवढ्या की एक अख्खं पान पांढरंफेक. ते उलटलं की एकदम काळं कुळकुळीत पान, आणि मुलीचा आ वासलेला.

त्या पांढऱ्या आणि काळ्या पानानं आक्काला आठवडाभर नीट जेवू दिलं नाही. शेवटी तिनं अंगणातल्या दोरीवर घरातली एक विरळ विणीची, बुट्ट्यांची साडी टांगली. उन्हाकडं बघितलं तर आरपार दिसायची. तिच्यामागं दुसरी टांगली, दुसरीमागं तिसरी. पहिल्या साडीच्या दोन बुट्ट्यांमधल्या मोकळ्या जागेत दुसरीची बुट्टी आली, उरलेल्या जागेत तिसरीची. आठव्या साडीला मोकळी जागाच उरली नाही. जिकडं बघावं तिकडं बुट्टी.

"कळलं का गं? आभाळात तर साड्या संपतच न्हाईत म्हणत्यात. मग कुठंबी बघितलं तरी नजर एका तरी चांदणीवर आपटायला पाहिजे. रात्र पांढरी पाहिजे. मग काळी का?"

आईनं घरातनं हाक दिली, "रात्र कशी का असंना, माझ्या साड्या आधी काढ!"

आक्कानं हाच प्रश्न वर्गात विचारला. विज्ञान आणि गणित हेडसर शिकवायचे. टिळकवाडीहून सायकलवर येणारे, इस्त्रीची पँट, गोड आवाज. ते म्हणाले, "सूर्य मावळतो म्हणून. बस खाली." आक्का बसली नाही. तिनं साड्यांचं सांगितलं. वर्ग हसला. हेडसरांनी विचारलं, हे कुठं वाचलंस? आक्काला खोटं बोलता येत नाही, हा तिचा मोठा दोष. दुसऱ्या दिवशी तिनं पुस्तक नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते आपण उघडतो तसं उघडलं. समोर मिठी.

मला वर्गातून उठवून आप्पांना आणायला पाठवलं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. आप्पा माग थांबवून तसेच आले, दंडावर सुताची कुसं चिकटलेली. हेडसरांनी ते पान त्यांच्यासमोर धरलं.

"बघा. पहिलंच पान हे. सुरुवातच अशी, तर पुढं काय असेल?"

आक्का म्हणाली, "सर, ते शेवटचं पान आहे."

"तोंड वर करून बोलतेस?"

"आकडे आहेत सर, कोपऱ्यात."

त्यांनी बघितले नाहीत. गणिताच्या माणसाला आकडे बघायचे नव्हते! उभी हयात पोरांना आकडे शिकवून ज्याचं पोट भरलं, त्याच्या बोटाखाली एकशे नव्वद होतं आणि त्यानं बोट उचललं नाही. उलट आप्पांना हळूच म्हणाले, "वयात आलेली मुलगी आहे. घरी कामही असेलच की. कशाला उगाच?" हा गोड आवाज मला आजही ऐकू येतो आणि आजही मुठी वळतात.

आप्पा पुस्तकाकडं नाही, माझ्या बहिणीकडं बघत होते. "घरी चल," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी आक्का शाळेत गेली नाही.

आता दुसऱ्या माणसाबद्दल. आमच्या गल्लीत एक अण्णा होते. मराठी शाळा टिकली पाहिजे, मराठी पोरांवर अन्याय होतो, ही पत्रकं त्यांच्या ओसरीवर तयार व्हायची. घड्या घालायला मी असायचे, मथळे कसे ठोकायचे ते मी तिथंच शिकले. मी धावत त्यांच्याकडं गेले. म्हटलं, अण्णा, मराठी शाळेतनं मराठी पोरीला काढायला लागलेत, पत्रक काढा.

"कोण काढतंय?"

"हेडसर."

अण्णांनी चष्मा पुसला. "ते आपले हायीत गं. आपल्यातलं आपण बाहेर न्यायचं न्हाय. विरोधकांच्या हातात कोलीत कशाला?"

म्हणजे अन्याय कुणी केला ते बघून ठरवायचं, तो अन्याय आहे का नाही! त्या दिवसापासून मी त्यांच्या पत्रकाची एक घडी घातली नाही.

स्वतःचं पत्रक स्वतः लिहिलं. कार्बन घालून बारा प्रती. मथळा: 'पुस्तक उलटं वाचून मुलीला घरी बसवणारे हेडमास्तर'. ताण्याला लावायची खळ डब्यात घेतली आणि सकाळी शाळेसमोरच्या भिंतीवर सगळ्या प्रती डकवल्या. दुपारपर्यंत अख्खी शाळा हसत होती. मला वाटलं, जिंकले.

घरात मात्र वेगळीच लढाई लागली होती. आई कांड्या भरायची थांबली. आप्पांनी दोनदा मागितल्या.

"कांड्या कुठं हायीत?"

"पोरीचा फॉर्म कुठं हाय?"

"तू काय माग बंद पाडणार व्हय?"

"मी कुठं पाडतीया? बसा की, चालवा की."

धोट्यात घालायला कांडी नसेल तर माग नुसता लाकूड-लोखंडाचा सांगाडा. दीड दिवस आमच्या घरात एवढी शांतता होती की शेजारी विचारायला आले, कुणी आजारी हाय का. तिसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी सदरा घातला आणि म्हणाले, "चला दोघी."

हेडसरांच्या टेबलावर माझं पत्रक पसरलेलं होतं, खळीनं कडक झालेलं. ते आता गोड बोलत नव्हते. फॉर्म हवा तर माफी लिहून द्या म्हणाले. अश्लील पुस्तक आणल्याची, आणि हे पत्रक लावल्याचीही. मी तोंड उघडलं, "ते तर मी..." तेवढ्यात आक्काचा पाय माझ्या पायावर आला, असा की डोळ्यांत पाणी आलं. आक्का खुर्चीच्या कडेला टेकली आणि हेडसर सांगतील ते सुबक अक्षरात लिहीत गेली. पुस्तक आणलं ही माझी चूक. पत्रक मी लिहिलं. पुन्हा असं करणार नाही. सही.

बाहेर आल्यावर मी तिला लई बोलले. भित्री म्हणाले, लाचार म्हणाले.

"तुझं नाव सांगितलं असतं तर तुला काढलं असतं," ती म्हणाली. "एकीचा फॉर्म भरायला दुसरीची शाळा घालवू व्हय? तुझं पत्रक नसतं तर एका चुकीत भागलं असतं, बाई."



फॉर्म भरला गेला. आक्का पास झाली, पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्सला गेली. तिथल्या एका मास्तरांनी तिच्या प्रश्नाला हसण्याऐवजी खडू घेतला. लांबच्या चांदण्यांचा उजेड अजून आपल्यापर्यंत पोचायला वेळच मिळालेला नाही, हे विश्व कधीतरी सुरू झालंय, म्हणून रात्र काळी, असं त्यांनी सांगितलं. मला हे ऐकल्याबरोबर भाषण सुचलं. आक्का म्हणाली, "गप. आभाळाला तुझ्या सभेत आणू नको."

बरं, आणत नाही. मागणी तेवढी करते. तो माफीचा कागद त्या शाळेच्या कपाटात अजून असेल. त्यात लिहिलेलं एक वाक्य खोटं आहे: पत्रक आक्कानं लिहिलेलं नाही, मी लिहिलं. बारा प्रती, माझ्या हातानं. शाळेनं तो कागद माझ्या बहिणीला परत करावा. त्याच्या जागी फायलीला लावायला माझं हे लिखाण घ्यावं, आणि खाली माझी सही पाहिजे असेल तर मी येऊन करते.